साधनाचे वर्णन आणि त्याची कसोटी

‘एजंट’ हा शब्द वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८२ प्रमाणे दुसऱ्याच्या वतीने काम करण्यासाठी नेमलेली व्यक्ती म्हणजे एजंट. आता हाच शब्द संगणकाच्या क्षेत्रातही रूढ झाला आहे. तेथे मात्र एजंट ही व्यक्ती नसून कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा प्रोग्रॅम असतो. ‘हे बिल तयार कर’ असे सांगितले, की हाताशी असलेल्या साधनांतून तो एक निवडतो आणि काम पार पाडतो.

ही निवड तो कशावरून करतो? साधनाच्या आत डोकावून नव्हे. त्याला साधनाचे नाव, चार-दोन ओळींचे वर्णन आणि भरावयाच्या रकान्यांची यादी एवढेच दिसते. तेवढ्यावरून तो कोणते साधन आणि रकान्यांत काय, हे लिहून देतो. प्रत्यक्ष साधन दुसरा प्रोग्रॅम चालवतो. अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्येही हीच मांडणी आहे. तेव्हा वर्णन फसले, की चांगले साधनही चुकीचे काम करते.

मला हे जीएसटीच्या उदाहरणावरून समजले. मी वहीत एक वर्णन लिहिले : ‘हे साधन बिलावरील जीएसटी काढते. रकाने : रक्कम, दर, राज्य.’ मला ते पुरेसे वाटले. मग विद्यानगरातल्या खोलीवर एका मित्राला एजंट केले. अट एकच, वर्णनापलीकडचे स्वतःचे ज्ञान वापरायचे नाही. हुबळीच्या दुकानातून कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या १०,००० रुपयांच्या मालाचे बिल त्याच्यापुढे ठेवले. दर १८ टक्के. त्याने ‘राज्य’ या रकान्यात ‘कर्नाटक’ लिहिले. दुकान हुबळीचे, मग दुसरे काय लिहिणार? कोणाचे राज्य, हे मीच सांगितले नव्हते. एकटा शब्द किती फसवतो, हे आपल्या अंकाच्या दोन विभागांना ठाऊक आहे : ‘साल’ म्हणजे मराठीत वर्ष आणि कन्नडात कर्ज!

आता परिणाम पाहा. माल बेळगावला गेला असता, तर केंद्राचा कर ९०० आणि राज्याचा ९०० रुपये झाला असता. कोल्हापूर परराज्यात, म्हणून तेथे १,८०० रुपये एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी, हवा. परंतु बिलाची बेरीज दोन्ही वेळा ११,८०० रुपयेच! बेरीज पाहणाऱ्याला चूक दिसतच नाही. ती पुढे दिसते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला इनपुट टॅक्स क्रेडिट घेताना अडचण येते. विक्रेत्याला योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकीने भरलेल्या कराचा परतावा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मागावा लागतो. लहान दुकानदाराचे खेळते भांडवल तोवर अडकून पडते.

म्हणून वर्णन वाचायला कसे वाटते, ही त्याची कसोटी नव्हे. ते वाचून वाचणारा काय करतो, ही कसोटी होय. त्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला : योग्य साधन निवडले का?

दुसरा : रकाने योग्य अर्थाने आणि योग्य एककात भरले का? बंगळुरूच्या रेझरपे या कंपनीच्या व्यवस्थेत रक्कम पैशांत द्यावी लागते. ५०० रुपयांसाठी ५०,००० लिहावे लागतात. वर्णनात हे नसेल, तर ५०० लिहून पाचच रुपये वसूल होतील.

तिसरा : साधन लागू नसताना ते वापरायचे टाळले का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०२४ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत या गोष्टीचीही परीक्षा घेतली जाते.

चौथा : माहिती अपुरी असताना विचारले का? करार कायद्याचे कलम २१४ हेच सांगते. अडचणीच्या प्रसंगी एजंटाने मालकाशी संपर्क साधून त्याच्या सूचना घ्याव्यात.

मी वर्णन पुन्हा लिहिले : ‘देशांतर्गत मालविक्रीवरील जीएसटी काढते. निर्यातीसाठी वापरू नये. रक्कम : करापूर्वीची, रुपयांत. दर : टक्क्यांत. विक्रेत्याचे राज्य. पुरवठ्याचे राज्य : माल जेथे पोचवायचा ते राज्य, बिलावर नसेल तर अंदाज न करता विचारावे.’ बिले तीच ठेवली, फक्त वर्णन बदलले. या वेळी मित्राने कोल्हापूरसाठी ‘महाराष्ट्र’ लिहिले, आणि पत्ता नसलेले बिल हाती येताच मान वर करून विचारले, “माल कुठं पाठवायचा?”

अर्थात मित्र म्हणजे यंत्र नव्हे. खरी परीक्षा प्रत्यक्ष एजंटावरच घ्यावी. तीही वर्णन लिहिताना न पाहिलेल्या बिलांवर आणि अनेक वेळा, कारण एकाच प्रश्नाला तो दर वेळी तेच उत्तर देईल असे नाही. उत्तर तपासताना बेरीज न पाहता रकानेच ताडून पाहावेत. वर्णन उगाच लांबवूही नये. अनेक साधनांच्या पाल्हाळात नेमकी सूचना हरवते.

हिशेब तपासनीस बेरजेवर विश्वास न ठेवता मूळ पावती मागतो, हे आपण वर्गात शिकतो. एजंटाच्या कामालाही तोच नियम लावला पाहिजे. साधन बनवणे अभियंत्याचे काम असेल; परंतु ‘राज्य’ म्हणजे कोणाचे राज्य, हे सांगण्यासाठी व्यवहार जाणणारा माणूसच लागतो. तो आपल्या वर्गांतूनही निघावा.