छोटा जनरेटर : मोजून घ्या, दूर ठेवा



गाळप हंगाम तोंडावर आला की शेतकी गट कार्यालयात दरवर्षी तेच प्रश्न येतात. तोड कधी मिळणार, टोळी कोणती, वाहन कोणाचे. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, टोळीच्या कोप्यांवर लाइट नाही. तो बॅगेएवढा जनरेटर मिळतो म्हणे. आवाजसुद्धा येत नाही. घेऊ का?"

प्रश्न योग्य आहे. बीड, अहिल्यानगरकडून माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार घालून येतात आणि चार-पाच महिने आपल्या बांधाला राहतात. बापय-बाया पहाटे फडात जातात, लेकरं मागं राहतात. अंधारात विंचू-सापाचं भय असतं. मुकादम येऊन म्हणतो, "मालक, दोन दिव्यांची तरी सोय करा." तेव्हा नाही म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून या यंत्राची माहिती एकदा नीट देत आहोत. शेवटपर्यंत वाचावी ही विनंती, कारण महत्त्वाची गोष्ट किमतीची नाही, ती पुढे येणार आहे.

हे यंत्र काय आहे?

पूर्वीचा पेट्रोल जनरेटर आपण लग्नमांडवात पाहिलेला आहे. त्याचे इंजिन मिनिटाला ठराविक, बहुधा ३,००० फेरे घेते. फेरे कमी-जास्त झाले की विजेचा दाब आणि आवर्तने बिघडतात, दिवे लुकलुकतात. म्हणून एक दिवा लावा नाहीतर वीस लावा, इंजिन आपले त्याच वेगाने बोंबलत राहणार.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाची वीज थेट बाहेर येत नाही. आधी ती एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडल तिच्यापासून २३० व्होल्ट, ५० आवर्तनांची वीज तयार करते. विहिरीचे पाणी आधी हौदात घ्यावे आणि मग पाटाला एकसारखे सोडावे, तसेच हे. पाट सारखा वाहतो, म्हणून विहिरीवरची मोट हळू चालली तरी बिघडत नाही. भार कमी असला की इंजिन हळू फिरते, त्यामुळे पेट्रोल वाचते आणि आवाज कमी होतो. वीज स्वच्छ असल्याने मोबाइल, टीव्ही यांना धोका नसतो.

अमेरिकेत मोटारीमागे घरासारखी ट्रेलरगाडी जोडून रानात मुक्कामाला जाण्याची हौस आहे. तिथे ही यंत्रे फार खपतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत नियम आहे की ५० फुटांवर यंत्राचा आवाज ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्या लोकांची ट्रेलर सुट्टीची, आपल्याकडच्या माणसांची ट्रॉली पोटाची, एवढाच फरक. दोघांचीही वीज तारेवरची नव्हे, सोबत नेलेली.

भार कसा मोजावा?

यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा जास्तीत जास्त क्षमतेचा असतो. ती थोड्या मिनिटांपुरती असते. सलग चालणारी क्षमता बारीक अक्षरांत असते, ती वाचावी. उदाहरणार्थ, २,२०० वर सलग क्षमता १,८०० वॅट असते. शिवाय उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के घटते. पुणे, कोल्हापूरचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे साडेसहा टक्के इथेच गेले. राहिले सुमारे १,६८० वॅट. त्यातला ८० टक्केच वापरावा, म्हणजे हिशोबाला धरायचे १,३०० वॅट.

आता दहा कोयत्यांच्या टोळीचा संध्याकाळचा भार मांडू :

९ वॅटचे १० एलईडी दिवे – ९० वॅट
१० वॅटचे १० मोबाइल चार्जर – १०० वॅट
५० वॅटचे २ बाहेरचे फोकस – १०० वॅट
एकूण – २९० वॅट

म्हणजे एवढ्या कामाला २,२०० चे यंत्र मोठेच झाले. आता कोणी म्हणेल, "मग पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर पण लावू." सावध! अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे ३७३ वॅट हे पंपाच्या दांड्यावर मिळणारे काम झाले. विजेच्या बाजूने ती मोटर साडेपाचशे-सहाशे वॅट ओढते आणि चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. २,२०० चे यंत्र तिथेच मान टाकते. पाणी तापवायची १,५०० वॅटची कांडी तर लावूच नये. त्या पाण्याला चूल बरी. पाटीवरचे वॅट वाचल्याशिवाय आणि सुरुवातीचा झटका विचारल्याशिवाय मोटर जोडू नये.

खर्चाचे गणित

२,२०० च्या यंत्राची टाकी सुमारे ३.६ लिटरची असते. पाव भारावर ती आठ तास पुरते, पूर्ण भारावर तीन तासांच्या थोडी वर. पूर्ण भारावर एका युनिटला ६०० मिलिलिटरच्या वर पेट्रोल लागते आणि पाव भारावर एक लिटरच्या आसपास. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तर युनिट ६० ते १०० रुपयांना पडले. तारेवरच्या विजेशी याची तुलनाच नको.

वरील २९० वॅटचा भार रोज चार तास चालवला तर दीड ते पावणेदोन लिटर जाते. १२० दिवसांच्या हंगामात पेट्रोलच निदान १८ हजारांचे होते. आता दुसरा हिशोब पाहा. फोकस सोडले तर दिवे आणि मोबाइलचा भार १९० वॅट. चार तासांचे ७६० वॅट-तास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात, अर्धेच वापरावेत. तेवढ्यात हे काम भागते, आणि हिवाळ्याच्या उन्हात ३३० वॅटची एक सौर प्लेट ती बॅटरी दिवसा भरून देते. म्हणून आमचे मत असे की रोजच्या दिव्यांना सौर बॅटरी घ्यावी. जनरेटर ढगाळ दिवसाला, रात्री बिघडलेल्या ट्रॉलीच्या दुरुस्तीला, ग्राइंडर-ड्रिलला ठेवावा. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक घेतला तरी पुरतो.

आता मुख्य गोष्ट

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्याच गटातल्या एका सभासदाने आमच्या सांगण्यावरून असा जनरेटर टोळीसाठी आणला. भार कसा मोजायचा ते आम्ही त्याला तासभर समजावलं. डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. यंत्र भिजू नये म्हणून मुकादमाने ते दोन कोप्यांच्या मधल्या बोळीत घेतलं आणि वरून ताडपत्री ओढली. आवाज नाही, डोळ्यांना धूर नाही, कोणाची झोपमोड नाही. मध्यरात्री एक बाई डोकं धरून उठली, तिला उलटी झाली. शेजारच्या कोपीतली दोन लेकरं हलवून हलवून उठेनात. सगळ्यांना वाटलं, रात्रीच्या जेवणातून काही झालं. मुकादमाला काय सुचलं कोण जाणे, त्याने आधी यंत्र बंद केलं आणि लेकरं उचलून उघड्यावर आणली. पुढे दवाखान्यात प्राणवायू दिला. सगळी वाचली.

आम्ही वॅट शिकवले, व्होल्ट शिकवले. धुराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ती चूक आमची. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून अधिक घट्ट चिकटतो. फुप्फुसात हवा जात राहते, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात पोर्टेबल जनरेटरच्या या वायूने दरवर्षी सुमारे १०० माणसं दगावतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुना जनरेटर बोंबलत असे, म्हणून लोक त्याला आपणहून लांब ठेवत. नवा शांत आहे, म्हणून तो उशाशी येतो. आवाज कमी झाला म्हणून विष गेले असे होत नाही.

म्हणून हे नियम पाळावेत :

१. यंत्र कोपी, ट्रॉली, गोठा यांपासून निदान २० फूट दूर असावे. आम्ही ३०-४० फूट सांगू. धुराचे तोंड माणसांच्या विरुद्ध बाजूला आणि यंत्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावे.

२. दूर ठेवल्याने वीज पोहोचत नाही ही सबब खोटी आहे. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरीने २० मीटरवर ८ अँपिअर नेले तरी दाब जेमतेम अडीच व्होल्टने घटतो. वायर जाड आवरणाची, बिनजोडाची असावी.

३. पाऊस आला तर यंत्र बंद करावे. कोपीत, ट्रॉलीखाली, ताडपत्रीआड किंवा बंद खोलीत चालवू नये. खिडकी उघडी आहे म्हणून भागत नाही.

४. सर्वजण झोपण्यापूर्वी यंत्र बंद. रात्रीला बॅटरीचा दिवा.

५. कोणाला डोकेदुखी-उलटी झाली तर आधी यंत्र बंद करा, माणसे उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या वायूच्या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो. पुष्कळांच्या घरी करोनापासून तो आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

आगीची काळजी

कोपी पाचटाची, वाढ्याची. यंत्राचा सायलेन्सर तापलेला. यंत्राभोवती दहा फूट जागा पाचट काढून साफ करावी, जमिनीवर पाणी मारावे. पेट्रोल भरताना यंत्र बंद व थंड असावे, विडी दूर असावी. कॅन कोपीत ठेवू नये.

घरच्या लाइनला उलटी जोडणी नको

हंगाम संपल्यावर काही जण हे यंत्र वस्तीवर नेतात आणि दोन्ही टोकांना पिना लावलेल्या वायरीने घरातल्या सॉकेटमध्ये वीज घालतात. असे करणे म्हणजे वायरमनच्या जिवाशी खेळणे. घरची वीज उलटी डीपीत गेली तर तिथून वरच्या तारेवर ११,००० व्होल्टचा दाब चढू शकतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस आपल्याच गावचा असतो. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, नाहीतर दिवे थेट यंत्रावरूनच लावावेत.

पेट्रोल आणि आपले इथेनॉल

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे आहे, याचा अभिमान आहेच. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. यंत्र मार्चमध्ये ठेवले आणि दिवाळीत काढले, तर मधल्या पावसाळ्यात टाकीतले पेट्रोल बिघडते, कार्बोरेटरमध्ये डिंकासारखे बसते. म्हणून ठेवताना टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि कार्बोरेटर तळाच्या स्क्रूतून निचरून घ्यावा. यंत्र घेण्याआधी त्याच्या पुस्तिकेत ई-२० चालते का ते पाहावे. तेलाची पातळी दर वेळी तपासावी.

उजळणी

सलग क्षमता वाचली का? भार मांडला का? यंत्र कोपीपासून किती पावलं दूर आहे, ते स्वतः चालून मोजलं का? मुकादमाला आणि कोपीवर मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही हे समजावलं का?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. ऊस आपला, रान आपलं, यंत्र आपण दिलेलं. ती माणसं आपल्या भरवशावर झोपतात. या हंगामात ज्यांनी यंत्र घेतलं असेल त्यांनी टोळी आल्या दिवशी संध्याकाळी स्वतः कोप्यांवर जाऊन ही पावलं मोजून द्यावीत. शंका असल्यास गट कार्यालयात यावे. आम्हीही सोबत येऊ.