ग्रंथातील प्रासाद आणि अंबरनाथचे देवालय

माहुलच्या शाळेची सहल अंबरनाथास नेणे कठीण नाही. कुर्ल्याहून मध्य रेल्वेची गाडी थेट जाते. परंतु वालधुनी नदीकाठचे ते शिवालय ‘फार जुने’ आहे एवढे सांगून मुले परत आणली जातात. वस्तुतः देवालय वाचावयाचे असते, आणि ते कसे वाचावे हे संस्कृत शिल्पग्रंथांनी सांगून ठेवले आहे.

ग्रंथकार देवालयास ‘प्रासाद’ म्हणतात व मनुष्यदेहाप्रमाणे त्याचे अवयव मानतात. तळाशी पीठ, त्यावर जंघा म्हणजे मूर्तींनी भरलेली भिंत, वर शिखर. रुंदी हे मूळ माप. उंची त्यावरून निघते. एक अवयव बदलला की सारा मेळ बिघडतो.

परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात भूमिज प्रासादांचे स्वतंत्र विवेचन आहे. भूमिज शिखराच्या चारही बाजूंना मध्यभागी निमुळता होत जाणारा पट्टा असतो, त्यास लता म्हणतात. दोन लतांमध्ये लहान लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या रांगा असतात. अंबरनाथ याच जातीचे. तेथील शिलाहारकालीन लेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ग्रंथ आणि वास्तू एकाच शतकातील! पाथरवटांनी पोथी उघडून हे देऊळ बांधले असे मात्र कोणी समजू नये. पोथी व छिन्नी यांची परंपरा एक, इतकेच. अंबरनाथचे शिखर आज भग्न आहे. ते पूर्ण कसे दिसत असेल, हे सिन्नरच्या गोंदेश्वरावरून ध्यानात येते.

‘मयमत’ या दाक्षिणात्य ग्रंथात जीर्ण वास्तूच्या दुरुस्तीचाही अध्याय आहे. ज्या देवालयाची लक्षणे अद्याप ओळखता येतात, त्याची दुरुस्ती मूळच्याच द्रव्याने व्हावी, असा त्याचा रोख. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते: जंघेवर तैलरंग, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, वर सिमेंटचे शिखर. हेतू भक्तीचा असतो, पण मूर्तीवरील कोरीव रेषा कायमची बुजते. अंबरनाथ हे केंद्र शासनाचे संरक्षित स्मारक आहे; गावोगावची असंरक्षित हेमाडपंती देवळे मात्र ग्रामस्थांच्याच हाती आहेत. म्हणून जीर्णोद्धाराचा ठराव मांडण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे व मापे घ्यावीत, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा सल्ला मागवावा, आणि निखळलेले दगड बांधाला वा पायरीला न वापरता देवळाच्या आवारातच रचून ठेवावेत.