मधुमेह कशामुळे होतो?

‘मी साखर बेताचीच खातो, मग मला मधुमेह कसा झाला?’ वैद्यांना वारंवार ऐकावा लागणारा हा प्रश्न एका गैरसमजातून निर्माण होतो. रक्तात साखर वाढलेली आढळते, म्हणून साखर खाणे हेच रोगाचे एकमेव कारण, असे मानले जाते. वस्तुतः दोष असतो तो साखरेचा विनियोग करण्याच्या शरीराच्या क्षमतेत. अतिरिक्त साखर वजन वाढवून या दोषाला हातभार लावते, एवढेच.

अन्नातील कर्बोदकांपासून ग्लुकोज तयार होते. ते रक्तातून पेशींमध्ये शिरावे यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशींत निर्माण होणारे इन्शुलिन आवश्यक असते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच या बीटा पेशी नष्ट करते. दुसऱ्या प्रकारात, आणि बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे असतात, पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि कालांतराने त्याची निर्मितीही अपुरी पडू लागते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत : जन्मतः येणारा ‘सहज’ आणि अयोग्य आहारविहारातून उद्भवणारा. आनुवंशिकता आणि राहणी ही दोन कारणे आजच्या शास्त्रालाही मान्य आहेत. मात्र बहुतेक रुग्णांत ती एकत्रच नांदतात.

चेन्नईचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. या शहरात (तेव्हाचे मद्रास) डॉ. एम. विश्वनाथन यांनी 1948 साली स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. पुढे येथे झालेल्या पाहण्यांनुसार शहरातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 1989 मध्ये सुमारे 8.3 टक्के होते, ते 2004 पर्यंत 14.3 टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत एखाद्या समाजाची आनुवंशिकता बदलत नाही. बदलते ती राहणी.

याच शहरातील डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये धोका अजमावण्याची एक सोपी गुणपद्धती मांडली. तिच्यात वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी विचारात घेतल्या जातात. एकूण गुण 100. 60 किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. उदाहरणार्थ, पंचेचाळीस वर्षांच्या एका कारकुनाचा विचार करू. वयाचे 20, 94 सेंटिमीटर घेराचे 10, बैठ्या कामाचे व व्यायामाच्या अभावाचे 30 आणि आईच्या मधुमेहाचे 10, असे त्याचे गुण 70 होतात. वय आणि आई या गोष्टी त्याच्या हाती नाहीत. परंतु तो नियमित व्यायाम करू लागला आणि घेर 90 च्या खाली आला, तर गुण 50 वर येतात.

येथे कमरेच्या घेराला महत्त्व का, हे पुण्यातील संशोधनावरून कळते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांशी केली. आपली अर्भके वजनाने बरीच कमी, सरासरी सुमारे 2.7 किलो भरली. स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणूनच हडकुळा दिसणारा भारतीय माणूसही निर्धास्त राहू शकत नाही, आणि गर्भवतीचे पोषण हा मधुमेहाच्या विचाराचाच एक भाग ठरतो.

हा रोग प्रारंभी बहुधा वेदना देत नाही; त्यामुळे डोळे, मूत्रपिंड आणि पायांतील नसा यांची हानी निमूटपणे होत राहते. धोका आधी ओळखण्याचे मोल यातच आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांतील 55 टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारविहारात पद्धतशीर बदल घडवला गेला, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 39 टक्के राहिले. रोग सर्वांचा टळला नाही, हे खरे. पण अनेकांचा टळला, हेही तितकेच खरे. आईवडिलांकडून आपणांस रोगाचा कल मिळतो, रोग नव्हे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी, रक्तपरीक्षा करून घेणे म्हणूनच हिताचे आहे.