काढलेल्या ऑईलचा जमाखर्च

मोटारीत कोणत्या कंपनीचे ऑईल घालावे, ते किती दाट असावे आणि किती हजार किलोमीटरांनी बदलावे, या प्रश्नांवर आमच्या आळीतील मंडळी दिवेलागणीपर्यंत वाद घालतील. परंतु काढलेले ऑईल जाते कोठे, याची चौकशी गावच्या विहिरीला बाधा होईपर्यंत कोणीही केलेली नव्हती. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात गेल्यामुळे, जिची जमा बाजू भरलेली आणि खर्चाची बाजू कोरी अशी खतावणी मला स्वस्थ बसू देत नाही. मोटारीच्या ऑईलची खतावणी घरोघर तशीच आहे.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्याच्या सड्याखाली उतरणीवर वसलेले. सड्याच्या कडेला एक सोडून दिलेली चिरेखाण असून, रस्त्यालगतच्या एका गॅरेजातील मंडळी गाड्यांतून काढलेले काळे ऑईल डबेच्या डबे तीत नेऊन ओतीत असत. जांभा हा दगड दिसावयास कठीण, पण पोटातून सच्छिद्र. पावसाचे पाणी तो ज्या तत्परतेने खालच्या विहिरींना पोहोचवितो, त्याच तत्परतेने त्याने हेही पोहोचविले. मृगाच्या सरी होऊन गेल्यावर विहिरीच्या पाण्यावर निळसर-जांभळी झाक दिसू लागली, मागोमाग वास आला, आणि मग उपायांची एकच धांदल उडाली. ग्रामपंचायतीने टीसीएल पावडर टाकली. बायाबापड्यांनी पाणी उकळून घेतले. या दोन्ही उपायांनी जंतू मरतात, ऑईल मरत नाही. तेल पाण्यावर तरंगते, तेव्हा वरचा तवंग काढला की खालचे पाणी शुद्ध, असाही एक युक्तिवाद पारावर झाला. पण खनिज तेलातील काही द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. अखेर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेला, पिण्यासाठी विहीर बंद झाली, आणि उपसा करावयाचे ठरले. तेव्हा उपसलेले पाणी आपल्या तरव्याकडे वळवू देण्यास एकही शेतकरी राजी होईना.

पंचनाम्याचा मसुदा निवृत्त असूनही माझ्याच हातून उतरला. गॅरेजवाल्याने जबानीत एवढेच सांगितले की, आपण वर्षानुवर्षे तेथेच ओतीत आलो असून आजवर कोणी हरकत घेतली नाही. जबानी खरी होती. पंचांपैकी दोघांच्या गाड्या त्याच गॅरेजात जात, आणि सही करताना दोघेही जरा थबकले.

ज्याला आपण जळके ऑईल म्हणतो ते वस्तुतः जळून संपलेले नसते. मूळ तेल बहुतांशी शाबूत असते. त्यात काजळी, झिजलेल्या धातूंचे सूक्ष्म कण, इंधनाचा अंश आणि मुळातच मिसळलेली जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्ये यांचा मळ साचलेला असतो, इतकेच. म्हणूनच निर्वात ऊर्ध्वपातनाने ते पुन्हा शुद्ध करून वापरता येते, आणि म्हणूनच ते मातीत ओतणे हे घातक तर आहेच, शिवाय निव्वळ उधळपट्टीही आहे. लहान मोटारीतून एका वेळी 3 ते 4 लिटर ऑईल निघते. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या सांगण्याप्रमाणे तेवढ्याने 10 लाख गॅलन गोडे पाणी नासू शकते.

कित्येक गृहस्थ हौसेने किंवा काटकसरीने हे काम घरीच करतात, आणि मी स्वतःही करतो; त्यांच्यासाठी दोन शब्द विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही, कितीही घाई असली तरी, गाडीखाली शिरू नये. लोखंडी स्टँड हवेतच. आमच्याकडे स्टँडच्या जागी चिरा ठेवण्याची चाल आहे, ती प्राणघातक आहे, कारण ज्या चिऱ्यावर अख्खे घर उभे राहते तोच चिरा एका बिंदूवर भार आला म्हणजे कसलीही पूर्वसूचना न देता फुटतो. इंजिन दोन-चार मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे ऑईल मळासकट वाहते. परंतु लांबच्या प्रवासाहून आल्याआल्या चेंबरचा नट उघडला तर तेच ऑईल मनगट भाजून काढील. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. तिच्यावर दुसरी चकती बसली तर इंजिन सुरू होताच नवे ऑईल जमिनीवर. नटाचा वायसर नवा घालावा. नट आवळताना मर्दुमकी गाजवू नये, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले तर सगळ्या काटकसरीवर पाणी पडते.

हातांविषयी आमचे मिस्त्री फार बेफिकीर असतात. इंग्लंडातील लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांवरचे खनिज तेल वर्षानुवर्षे अंगावर उडून कामगारांना त्वचेचा कर्करोग होई, हे वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. आणि वापरलेले ऑईल त्या तेलाहून निर्मळ खचितच नाही. तेव्हा हातमोजे घालावेत, आणि हात पेट्रोलने न धुता खोबरेल चोळून मग साबण लावावा.

काढलेले ऑईल नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्येच भरून त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे. थंड पेयाच्या बाटलीत ते कदापि ठेवू नये, कारण घरात मुले असतात. त्यात पेट्रोल, रॉकेल, ब्रेक ऑईल किंवा रेडिएटरचे पाणी मिसळू नये, नाहीतर ते शुद्धीकरणाच्या कामातून बाद होते. फिल्टर रात्रभर पालथा घालून निथळू द्यावा. सांडले तर भुसा किंवा कोरडी वाळू टाकून खरवडून घ्यावे आणि तो भुसाही ऑईलबरोबरच द्यावा. साबणपाण्याने अंगण लख्ख करणारा मनुष्य आपली घाण शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलीत असतो.

आता द्यावे कोणाला? भंगारवाला रोख पैसे देतो, पण त्याच्यापुढे ते भट्टीत जळते, सेंट्रिंगच्या फळ्यांना लागते, किंवा गाळून नव्या नावाने परत बाजारात येते. कायद्याने वापरलेले ऑईल हा घातक कचरा ठरलेला आहे. 2016 च्या नियमांप्रमाणे गॅरेजवाल्याने ते 90 दिवसांपेक्षा अधिक काळ साठवू नये, त्याची नोंद ठेवावी आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच सोपवावे, अशी तजवीज आहे. 1 एप्रिल 2024 पासून तर ऑईल बनविणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करविण्याची जबाबदारी आली आहे. म्हणून गॅरेजात गेल्यावर पिंप कोठे आहे आणि ते शेवटचे कोणी, कोणत्या पावतीवर नेले, एवढे दोन प्रश्न गिऱ्हाइकाने खुशाल विचारावेत. पावती दाखविणाऱ्या ठिकाणीच घरचा कॅनही नेऊन द्यावा. मी चौकशी केली तेव्हा अशी जागा आमच्या गावात नाही, तालुक्याच्या ठिकाणी आहे. कॅन डिकीत घालून तेवढी फेरी मारावी लागते.

अजूनही कुंपणाच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून कोणीतरी काळे ऑईल मागावयास येतोच. मी देत नाही. काजूच्या टरफलाचे तेल लावा, असे सांगतो, तेही हात सांभाळून, कारण ते कातडी भाजते. त्याला पैसे पडतात आणि हे फुकट मिळते, अशी कुरकुर होते, व ती खोटी नाही.