बॅटलझोन : एका युद्धक्रीडेचें गुणदोषविवेचन

कोणत्याही कृतीचें परीक्षण करतांना प्रथम तिचे गुण पाहावे व मग दोष, असें निबंध तपासतांना आम्ही नेहमीं सांगतों. तोच नियम आज आम्ही एका व्हिडिओ-खेळास लावून पाहणार आहों. हा खेळ म्हणजे अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९८० सालीं काढलेला 'बॅटलझोन' होय. एड रॉटबर्ग हे त्याचे प्रमुख रचनाकार. नाणें टाकून चालवावयाच्या उभ्या यंत्रांतील हा खेळ. त्यांत खेळणारा एका काल्पनिक भूमीवर रणगाडा हांकतो.

पहिला गुण दृश्यरचनेचा. त्या काळच्या बहुतेक खेळांत रणांगण वरून किंवा बाजूनें दिसे. येथें मात्र पेरिस्कोपसारख्या खिडकीस डोळे लावावयाचे, आणि रणगाड्यांत बसलेल्यास दिसावें तसें मैदान समोर दिसे. क्षितिजावर डोंगर, त्यांत आग ओकणारा ज्वालामुखी, वर चंद्रकोर. आणि हें सर्व केवळ प्रकाशाच्या रेषांनीं काढलेलें! इतक्या थोड्या रेषांत खोलीचा भास कसा उत्पन्न होतो, हें चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

दुसरा गुण चालविण्यांतील खरेपणाचा. यंत्रास दोन दांडे. प्रत्येकाच्या ताब्यांत एका बाजूचा पट्टा. दोन्ही पुढें लोटले कीं रणगाडा सरळ जातो. एक पुढें व एक मागें केला कीं जागच्या जागीं वळतो. तिसरा गुण संयमाचा. सोडलेला गोळा संपेपर्यंत दुसरा सोडतां येत नाहीं. म्हणून अंदाधुंद मारा करणारा फसतो. रडारकडे लक्ष ठेवून, पिरॅमिडाच्या किंवा ठोकळ्याच्या आडोशानें नेम धरणारा टिकतो.

आतां दोष. मैदान कधींच बदलत नाहीं. कितीही वेगानें गेलें तरी डोंगर जवळ येत नाहींत. साधा रणगाडा फोडल्यास १,००० गुण, क्षेपणास्त्रास २,०००, जलद रणगाड्यास ३,०००, उडत्या तबकडीस ५,०००. परंतु अखेरचा विजय असा नाहींच. आपला शेवटचा रणगाडा फुटेपर्यंत लढत राहावें, एवढेंच. कोण लढतो, कशासाठीं लढतो, याविषयीं खेळ मौन धरतो.

हें मौन आम्हांस सर्वांत मोठा दोष वाटतें. पुढें काय घडलें तें पाहा. अमेरिकन सैन्याच्या ब्रॅडली नांवाच्या चिलखती वाहनावरील तोफ चालविणारांस शिकविण्यासाठीं याच खेळाचें एक निराळें रूप तयार करण्यांत आलें. रॉटबर्ग यांचा त्यास विरोध होता. तरी तें काम त्यांच्याच हातून झालें. ज्या खेळाची आम्हीं वर स्तुति केली, तोच खेळ येथें कामीं आला. कोणाशीं लढावें हें जो खेळ सांगत नाहीं, त्याची विद्या कोणाच्याही विरुद्ध वापरतां येते.

विद्यार्थिमित्रहो, म्हणून खेळूंच नका, असें आमचें म्हणणें नाहीं. अवधान, धीर व हाताचें कौशल्य यांची जोपासना अशा खेळांत होते. परंतु पडद्यावरील रेषांच्या रणगाड्यांत कोणी बसलेलें नसतें. खऱ्या रणगाड्यांत मात्र आपल्यासारखाच कोणा आईचा मुलगा असतो, आणि प्रभूच्या शिकवणीप्रमाणें तोही आपला शेजारीच आहे. खेळ संपवून उठतांना हा भेद मनांत जागा ठेवावा, एवढीच आमची विनंती.