खाली बसवलेल्या पिकपला चाकं कोणती?

लोट्याच्या एमआयडीसीत जुन्या गाड्यांना लवकर मरण येत नाही. एखाद्या वर्कशॉपच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, ऐंशी-नव्वदच्या दशकातली महिंद्रा पिकप हमखास उभी सापडते. तिने ड्रम वाहिलेले असतात, पाइप वाहिलेले असतात, चिपळुणातून गणपतीही आणलेले असतात. माझी त्याच जातकुळीतली. तोंड जीपचं, मागे हौदा आणि बॉनेटखाली प्यूजोचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. बॉडी सरळ करून घेतली आणि दोन इंच खाली बसवली. अमेरिकेत शेव्हरोलेट सी-10 सारख्या जुन्या पिकप जमिनीला टेकतील इतक्या डाउन करतात. त्यांचे फोटो मोबाइलवर बघून इकडची पोरं पेटतात आणि मला पहिला प्रश्न विचारतात, ‘चाकं कोणती घालू?’ त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

1. गाडी खाली आणायची ती पाट्यांनी, टायरांनी नाही.

पाटा कमी केला किंवा ॲक्सल आणि त्याच्या खालून जाणाऱ्या पाट्यांच्या मधे ठोकळा घातला, की चेसिस खाली येते. मागच्या ॲक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरन्शियल, होता त्याच उंचीवर राहतो. टायर लहान केला तर मात्र तो गोळाही खाली येतो. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो, दुसरं काहीही नाही. लोट्यात कंपन्यांच्या गेटबाहेर ज्याने-त्याने आपापल्या मनाने घातलेले गतिरोधक ज्यांनी पाहिलेत, त्यांना यापुढे समजवावं लागत नाही.

2. आधी वही-पेन, मग दुकान.

टायरवर 215/75 आर 15 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंचीची बाजू, म्हणजे साइडवॉल. ‘आर’ म्हणजे रेडियल. शेवटचा आकडा डिस्कचा व्यास, इंचात. आता गुणाकार करा. 215 चे 75 टक्के 161. वरची बाजू आणि खालची बाजू मिळून साधारण 322. त्यात 15 इंचाचे 381 मिळवा. चाकाची पूर्ण उंची आली 703 मिमी.

जुन्या जीपांचा मूळ टायर 6.00-16. त्याची उंची टेपने मोजली तर 730 च्या आसपास भरते. कंपनीप्रमाणे थोडं इकडे-तिकडे. म्हणजे 215/75 घातला तर गाडी 13 मिमी खाली आली, आणि मीटरवर 60 दिसतं तेव्हा खरा वेग 58 च्या आत. 225/60 आर 16 घातला तर उंची 676. गोळा एक इंच खाली, आणि मीटरच्या 60 ला खरे साडेपंचावन्न. घाट चढताना लहान चाक बरं वाटतं, इंजिन कमी रडतं. पण हायवेला तेच इंजिन उगीच जास्त फिरतं, आणि प्यूजोचं ते जुनं डिझेल ऐंशीच्या वर तसंही भांडखोर होतं.

याच हिशेबातून एक गंमत निघते. 245/35 आर 20 हा टायर घ्या. वीस इंची डिस्क, पोरांच्या स्वप्नातली. त्याची पूर्ण उंची 679. म्हणजे सोळा इंची 225/60 पेक्षा जेमतेम तीन मिमी जास्त. मडगार्डमध्ये दोन्ही सारखीच जागा घेणार. मग फरक कशात? रबरात. सोळा इंचीला बाजूचं रबर 135 मिमी, वीस इंचीला फक्त 86. बाकी सगळी ॲल्युमिनियमची नक्षी.

3. साइडवॉल म्हणजे अर्धं सस्पेन्शन.

गाडी बसवली की पाट्यांची हालचाल कमी होते. माझ्या गाडीत ॲक्सल आणि रबरी बफर यांच्या मधे पूर्वी साडेतीन इंच होते, आता दोनच्या आत आहेत. जो धक्का पाटा खात होता त्यातला बराच आता टायरला खायचा आहे. नेमक्या त्याच वेळी लोक टायरचं रबर कमी करतात! मग भोस्ते घाटाच्या अलीकडच्या एखाद्या खड्ड्यात डिस्कची कड वाकते, साइडवॉलला फुगा येतो आणि दोष रस्त्याला. रस्ता दोषी आहेच. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी नव्याने काय बोलणार! पण रस्ता माहीत असताना त्यावर 86 मिमीचं रबर घालणाऱ्याला मी काय म्हणतो ते छापण्यासारखं नाही.

6.00-16 चं रबर साधारण 162 मिमी, 215/75 आर 15 चं 161. गाडीची उंची कमी झाली तरी धक्का खाणारं रबर तेवढंच राहिलं. हा टायर मला पटायचं मुख्य कारण हेच.

4. मडगार्ड कणकेने मोजा.

गाडी उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्या मधे चार बोटं जातात म्हणून खूश होऊ नये. जागा मोजायची ती चाक पूर्ण वर आल्यावर आणि स्टिअरिंग शेवटापर्यंत वळवल्यावर. यासाठी माझ्याकडे स्वस्तातला उपाय आहे. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे करायचे आणि मडगार्डच्या आतून टायरच्या वर, पुढे आणि मागे चिकटवायचे. पुढच्या चाकाला एक गोळा आतल्या बाजूला, पाट्याजवळही. हौद्यात नेहमीचं वजन टाकायचं, गाडी हळू गतिरोधकावरून न्यायची आणि मग मोकळ्या जागेत डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवायची. परत येऊन गोळे काढा. दाबून जेवढी जाडी उरली तेवढी खरी जागा. बोटभर जाडी उरली तर ठीक. कणकेवर टायरची नक्षी छापलेली दिसली तर तो टायर विसरा. ग्राइंडरने मडगार्ड कापून जागा करणारे महाभाग आहेत; जुन्या गाडीचा तो जाड पत्रा एकदा कापला की पुन्हा मिळत नाही. (घरातली कणीक न विचारता घेऊ नये, हा वेगळा धडा.)

5. पाच बोल्ट दिसले म्हणून डिस्क बसेलच असं नाही.

बोल्टांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. विलीज जीपचा तो साडेपाच इंच, म्हणजे 139.7 मिमी, आणि हे माप जीपच्या घराण्यात पुढेही चालत आलं. पाच बोल्टांच्या हबला समोरासमोर बोल्ट नसतात, म्हणून थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांची केंद्रं मोजा आणि 1.7 ने गुणा. जीपच्या हबवर ते अंतर 82 मिमी येतं. भंगारातून आणलेल्या चकचकीत डिस्कवर 67 आलं तर ती मोटारीची, 114 वाली. ती परत द्या. भोकं मोठी करून बसवतो म्हणणाऱ्याच्या दुकानात थांबू नका.

ब्रेकचा ड्रमही बघायचा. पंधरा इंची डिस्क आतून ड्रमला कुठे घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून ऐकायचं. परशुराम घाट उतरून चिपळूणला पोचेपर्यंत ड्रम तापतो, तेव्हा ती फट हवी.

आणि आटे! जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक पुढे पळताना नट सैल होऊ नये म्हणून केलेली ती जुनी सोय. आजच्या पोरांना ते माहीत नसतं. हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात नवा पोरगा हवेची गन लावून डाव्या चाकाचा नट ‘सोडवत’ होता. नट जागचा हलेना, गन किंचाळत होती आणि तो दात-ओठ खात होता. मालक आतून ओरडला, ‘अरे, उलटा आहे तो!’ तोवर एक बोल्ट पिळून तुटला होता. तेव्हापासून डाव्या हबशेजारी पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलाय.

6. रुंदीचा मोह.

डिस्क सहाची सात इंची केली आणि ऑफसेट (डिस्कची मध्यरेषा आणि हबला टेकणारा भाग यांच्यातलं अंतर) तोच ठेवला, तर टायर आत आणि बाहेर दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सरकतो. आत पाटा आहे, बाहेर मडगार्डची कड आहे. ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येतं, दिसतं झकास, आणि हबच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो. हब आणि डिस्कच्या मधे स्पेसर लावूनही तेच होतं. शिवाय या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. 235 चा टायर घालून चिपळूणच्या बाजारात गाडी वळवून लावा, दंड आपोआप तयार होतील. उंचीच्या हिशेबाने 235/75 आर 15 मूळ टायरच्या जवळचा आहे, 733. सरळ, न बसवलेल्या जीपला तो छान दिसतो. बसवलेल्या पिकपच्या मडगार्डात मात्र माझ्या कणकेने त्याला नापास केलं.

7. इथला पाऊस टायर निवडतो.

जून ते सप्टेंबर इथे रस्त्यावर पाण्याचा थर असतो आणि घाटात डोंगर कापलेल्या जागी वरून लाल मातीचा रेंदा उतरतो. रुंद टायर आणि हलकी गाडी ही जोडी पाण्यावर तरंगते. रिकाम्या पिकपचं मागचं टोक मुळातच हलकं, त्यात मागे रुंद टायर घातले की वळणावर ते आपल्या आधी चिपळूणला निघतं. म्हणून लांब, सरळ, खोल खाचा असलेली नक्षी घ्या. नक्षीची खोली कायद्याने 1.6 मिमीपर्यंत चालते; मी 3 मिमीला टायर बदलतो. हवा दर आठवड्याला तपासतो, कारण कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर उचलला जातो.

8. पिकप ही वजन उचलायची गाडी आहे, हे तिला डाउन केल्यावरही खरंच असतं.

मापाच्या पुढे 100 एस असं काही लिहिलेलं असतं. 100 हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरला 800 किलो. 98 म्हणजे 750, 95 म्हणजे 690. ‘एस’ हा वेगाचा, 180 पर्यंत. तो आपल्या कामाचा नाही. हौद्यात माल पडला की जवळजवळ सगळा मागच्या दोन टायरांवर येतो, तेव्हा चारांची बेरीज करून समाधान मानू नका. मोटारीचे कमी आकड्याचे टायर स्वस्त मिळतात म्हणून घालून त्यावर माल लादणं हा सरळ जिवाशी खेळ.

9. हौशी गाडीचा टायर झिजत नाही, म्हातारा होतो.

बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते, पण अंगठ्याने साइडवॉल दाबून वाकवली की केसासारख्या भेगा उघडतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर आधी तिथेच बोलतात. ‘वापरलेला नाही साहेब, पडून होता’ ही तक्रार समजा, कौतुक नाही.

जुनी रिव्हेटची डिस्क असेल तर ट्यूबलेसचा हट्ट सोडा. रिव्हेटमधून हवा जाते; ट्यूब घाला. पुढे रेडियल आणि मागे जुना नायलॉनचा टायर अशी खिचडी तर अजिबात नको.

10. कागद.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. त्यामुळे काही कापण्याआधी आरटीओत जाऊन विचारलेलं बरं, आणि कंपनीने त्या मॉडेलला जी मापं दिली त्यांच्या आसपास राहणं त्याहून बरं. अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर पहिली नजर चाकांवर टाकतो. आणखी एक. 2021 पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला नसेल तरच. तुमची गाडी त्या वयाच्या जवळ आली असेल तर गॅसचा कटर बाजूला ठेवा. ठोकळा काढता येतो, कापलेली चेसिस परत जुळत नाही.

11. एक चाक लावून बघितल्याशिवाय चारांचे पैसे देऊ नका.

दुकानदाराला सांगा: एक टायर डिस्कवर चढव, पुढे लाव, पूर्ण वळवून बघतो, मग तोच मागे लाव, हौद्यात चार माणसं उभी करून बघतो. नट तुमच्यासमोर हाताने आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा. दुकानदार कुरकुरला तर चिपळुणात आणि खेडमध्ये दुसरी दुकानं पुष्कळ आहेत, तिकडे जा.