सुमे, काका हट्टी झालेले नाहीत

सुमे, पार्किन्सन्स झाल्याचं कळल्यापासून काका मनानं खचले, हे तुझं म्हणणं मला अर्धंच पटतं. असं निदान ऐकून कोणीही खचेल, खरं आहे. पण त्यांची ही उदासी आजाराचाच एक भाग असू शकते. हात थरथरताना दिसतो, पाय अडखळताना दिसतो. मन मिटत चाललेलं दिसत नाही, मग आपण माणसालाच बोल लावतो. "जरा मन रमवा हो बाबा," असं ऊठसूट ऐकवू नकोस, एवढं माझं ऐक.

आपल्या कानावर डोपामिनचंच नाव पडतं. ते तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि हालचाल मंदावते. पण मनाचा तोल सांभाळणारी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या खालच्या देठात असतात, आणि त्यांनाही हाच आजार पोखरतो. जर्मनीतल्या हाइको ब्राक यांनी 2003 साली मांडलं, की पुष्कळ रुग्णांत ही पडझड खालून सुरू होऊन वर चढते आणि डोपामिनच्या पेशींपर्यंत नंतर पोचते. सगळ्यांत ती याच क्रमानं होते असं नाही. तरी कित्येकांना हात थरथरायच्या काही वर्षं आधीच उदासी येते, त्याचा थोडा उलगडा यातून होतो. काकांनी भजनी मंडळात जाणं सोडलं, तेव्हा त्यांचे हात अगदी स्थिर होते, आठवतं? त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणणार नाही, पण आता मी त्या दिवसांकडे वेगळ्या नजरेनं बघते.

पुढे 2005 साली 'ब्रेन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. उदासी असलेले 8 आणि नसलेले 12 रुग्ण घेऊन त्यांचे पेट स्कॅन काढले. उदास रुग्णांच्या मेंदूत, भावनांशी संबंध असलेल्या भागांत, डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिनच्या तंतूंची खूण क्षीण दिसली. माणसं थोडी होती, पण 'मनाचे खेळ' म्हणून आपण जे उडवून लावतो ते स्कॅनवर दिसलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

रक्तातही शोध चालू आहे. स्वीडनमधल्या संशोधकांना शरीरातला दाह दाखवणारी काही प्रथिनं आणि उदासी यांचा संबंध आढळला. कॉर्टिसोल आणि मेंदूच्या पेशींना जपणारं बीडीएनएफ यांवरही काम होतंय. पण दाह संधिवातानं वाढतो, साध्या संसर्गानंही वाढतो. एका थेंबावरून 'यांना नैराश्य आहे' असं ठरवणारी तपासणी आज कुठल्याही लॅबमध्ये नाही. म्हणून कोणी महागडं पॅकेज गळ्यात मारलं तर घेऊ नकोस. आणि "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग बाबांना काय झालंय?" असंही म्हणू नकोस.

दोन साध्या तपासण्या मात्र डॉक्टरांना विचारून कर, थायरॉइड आणि बी-12. थायरॉइड मंदावलं की माणूस असाच सुस्त, उदास होतो. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपाची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी पडलेलं आढळतं. हे दोन्ही भरून काढता येतं.

बाकी निदान बोलण्यातूनच होतं गं, आणि तिथे तुझं काम मोठं आहे. चेहऱ्यावरचे भाव गोठणं, आवाज बारीक होणं, झोप मोडणं हे सगळं नुसत्या पार्किन्सन्सनंही होतं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही ठरवू नकोस. नातवाला बघून आतून आनंद होतो का, हे त्यांनाच विचार. गोळीचा असर उतरतो त्या वेळात ते जास्त घाबरतात, रडवेले होतात का, ते वेळेसकट वहीत लिही. तसं असेल तर कधी कधी गोळ्यांच्या वेळा बदलूनही फरक पडतो. न्यूरॉलॉजिस्टकडे थरथरीबद्दल बोलण्यातच वेळ जातो, म्हणून ही वही आधी पुढे कर. दर तीन रुग्णांत साधारण एकाला अशी उदासी असते, डॉक्टरांना त्यात नवल वाटणार नाही.

आणि यावर उपाय आहेत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन या औषधांनी उदासी कमी झाली, हालचाल बिघडली नाही. समुपदेशनाच्या एका पद्धतीनंही रुग्णांना फायदा झाल्याचं 2011 साली दिसलं. मात्र काका पार्किन्सन्ससाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग, कारण नैराश्याच्या काही गोळ्यांचं त्यांच्याशी पटत नाही. मनानं कुठलीच गोळी सुरू करू नका, बंदही करू नका.

एक शेवटचं. "आता जगून काय करायचं," असं काका म्हणाले, तर "असं अभद्र बोलू नका," म्हणून त्यांचं तोंड बंद करू नकोस. जवळ बस, मनात नक्की काय येतंय ते सरळ विचार, त्यांना एकटं सोडू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लाव. सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबर रात्रीही चालतो, तो फ्रिजवर लिहून ठेव. आणि मला कळव, कितीही वाजले असले तरी.